जुना गुन्हा आणि मुलांजवळचं काम



आपल्यातल्या कितीतरी जणी मुलांजवळची कामं करतात. कुणी अंगणवाडीत मदतनीस आहे, कुणी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते, कुणी मुलींच्या वसतिगृहात रात्रपाळीला असते, कुणी शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवते-उतरवते, कुणी घरातच पाळणाघर चालवते. या कामांना आता हळूहळू सगळीकडे एक कागद लागू लागला आहे. पोलिसांकडून होणारी चारित्र्य पडताळणी. आज मी त्या कागदाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातल्या एकाच रकान्याबद्दल. 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? शिक्षा झाली आहे काय?'

बहुतेक जणी तिथं 'नाही' लिहितात आणि पुढं जातात. पण काही जणींचं पेन तिथं थांबतं. कुणाच्या नावावर बांधाच्या भांडणातली मारामारी असते. कुणी दारूच्या गुत्त्यावर मोर्चा नेला तेव्हा केस झालेली असते. कुणी सतराव्या वर्षी, घरात खायला नव्हतं तेव्हा, दुकानातून काही उचललेलं असतं. वीस-पंचवीस वर्षं उलटून गेलेली असतात. पोरं मोठी झालेली असतात. आणि मग एक साधी नोकरी समोर येते आणि ती जुनी गोष्ट पुन्हा दारात उभी राहते.

इथं दोन प्रश्न एकमेकांसमोर येतात. आपली लेकरं ज्यांच्या हाती सोपवायची, ती माणसं पारखून घ्यायची की नाही? घ्यायचीच. आणि जिच्याकडून कधीकाळी काही घडलं, तिला कुणीतरी नीट ऐकून घेईल असं एखादं दार असावं की नाही? माझं म्हणणं आहे, तेही असायलाच हवं. आणि ते दार असलं म्हणून मुलांची सुरक्षितता कमी होत नाही. उलट पारख अधिक चांगली होते. हे मी नुसतं मत म्हणून सांगत नाही. हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला आहे. तिथं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्या गोष्टी आपल्या घरातल्या वाटाव्यात अशा आहेत.

आधी हे समजून घेऊ की चाळणी आली कुठून. इंग्लंडमध्ये सोहम नावाचं एक गाव आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या दहा-दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला. खून करणारा गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर निघाला, म्हणजे शाळेची इमारत सांभाळणारा माणूस. सगळा देश हादरला. चौकशी बसली, २००४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून एक भयंकर गोष्ट पुढं आली. या माणसाविरुद्ध तो आधी राहायचा त्या भागात मुलींवरच्या अत्याचाराच्या एक-दोन नव्हे, अनेक तक्रारी पोलिसांकडे गेल्या होत्या. पण एकाही तक्रारीत गुन्हा शाबीत झाला नव्हता, आणि त्या तक्रारींची माहिती नव्या ठिकाणी पोहोचलीच नाही. त्यानंतर २००६ मध्ये नवा कायदा झाला आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पडताळणी फार कडक झाली.

आपल्याकडेही असंच घडलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. आरोप शाळेतल्याच एका सफाई कामगारावर होता. लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयानं आपण होऊन दखल घेतली. शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आग्रह त्यानंतर फार वाढला. तसा नियम आधीही होता. बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याचे २०२० चे नियम सांगतात की शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी, मुलांशी नेहमी संबंध येणारी कोणतीही संस्था असो, तिनं आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची. कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की झाडू मारणारा.

हे योग्यच आहे. पण सोहमची गोष्ट नीट लक्षात ठेवा. तो माणूस जुन्या शिक्षांची यादी बघून सापडला नसता. यादी बघणं आणि माणूस पारखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता यादी आंधळेपणानं वापरली की दुसऱ्या बाजूला काय होतं ते पाहू.

मँचेस्टरमधला एक मुलगा. न्यायालयाच्या कागदात त्याला फक्त 'टी' म्हटलं आहे. २००२ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, दोन सायकली चोरल्याबद्दल पोलिसांनी त्याला समज दिली होती. केस नाही, कोर्ट नाही, नुसती समज. पण तिची नोंद राहिली. सतराव्या वर्षी तो एका फुटबॉल क्लबात अर्धवेळ कामाला निघाला, तेव्हा दाखल्यावर ती सायकल. पुढं खेळाच्या अभ्यासक्रमाला गेला, तिथं लहान मुलांशी संबंध येणार म्हणून पुन्हा दाखला, पुन्हा तीच सायकल.

त्याच्याबरोबरच्या खटल्यात एक बाई होत्या, 'जेबी'. २००१ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी दुकानातून खोट्या नखांचं एक पाकीट उचललं. पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं. आठ वर्षांनी या बाईंनी आजारी आणि वृद्ध माणसांची काळजी घेण्याच्या कामाचं प्रशिक्षण पूर्ण केलं. दाखला मागवला, त्यावर नखांचं पाकीट आलं आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेनं सांगितलं की आम्ही तुमचं नाव कुठल्याही नोकरीसाठी पुढं पाठवू शकत नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्या. त्या दाखल्यावर 'हिला कामावर घेऊ नका' असं लिहिलेलं नसतं. दाखला फक्त माहिती देतो, निर्णय नोकरी देणाऱ्यानं घ्यायचा असतो. पण नोकरी देणारा घाबरलेला असतो. उद्या काही झालं तर लोक विचारतील, तुम्हाला माहीत होतं ना? मग तो सोपा रस्ता धरतो. समोर दहा अर्ज आहेत, नऊ कोरे आहेत, दहाव्यावर काहीतरी शाई आहे. दहावा बाजूला. ती शाई कशाची आहे हे वाचायला कुणाला वेळ नसतो. आपल्याकडे पोलिसांचा शेरा आला की शाळेची संस्था नेमकं हेच करते.

२०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं या दोघांच्या बाजूनं निकाल दिला. सार असं की गुन्हा कसला होता, किती जुना होता, ज्या कामासाठी दाखला मागितला त्याच्याशी त्याचा काही संबंध आहे का, यातलं काहीच न बघता सगळंच्या सगळं उघड करायचं, ही पद्धत माणसाच्या खासगी आयुष्याच्या हक्काला धरून नाही. खालच्या अपील न्यायालयानंही आधी असाच निकाल दिला होता, आणि २०१३ मध्येच सरकारनं नियम बदलले होते. नव्या नियमानं काही किरकोळ आणि जुन्या नोंदी दाखल्यातून गळू लागल्या. प्रौढ माणसाला एकदाच शिक्षा झाली असेल, तुरुंगवास नसेल, गंभीर गुन्ह्यांच्या यादीतला तो गुन्हा नसेल आणि अकरा वर्षं उलटली असतील, तर ती नोंद दाखल्यावर येत नसे.

ऐकायला बरं वाटतं. पण त्यात एक खुंटी राहिली होती. शिक्षा एकापेक्षा जास्त असतील, तर सगळ्याच नोंदी कायम दिसायच्या. त्या कितीही क्षुल्लक असोत आणि कितीही जुन्या असोत.

त्या खुंटीला अडकल्या दोन बाया.

पहिली 'पी'. १९९९ मध्ये ती अठ्ठावीस वर्षांची होती. राहायला घर नव्हतं. तिला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार होता, पण तो तोपर्यंत कुणी ओळखलेला नव्हता. तिनं दुकानातून एक सँडविच चोरलं, पोलिसांनी ताकीद दिली. काही महिन्यांनी ९९ पेन्सचं, म्हणजे एका पौंडापेक्षाही कमी किमतीचं एक पुस्तक चोरलं. जामिनावर सुटली आणि कोर्टाच्या तारखेला गेली नाही. पुस्तकाची चोरी एक आणि तारखेला गैरहजर राहणं दुसरं, अशा दोन गोष्टींत ती दोषी ठरली. कोर्टानं अटीवर सोडून दिलं. पुढं तिच्यावर उपचार झाले, आजार आटोक्यात आला, पुन्हा एकही गुन्हा नाही. तिनं शाळेत वर्गशिक्षिकेला मदत करणाऱ्या सहायकाची पात्रता मिळवली. पण नोकरी मिळेना. प्रत्येक ठिकाणी दाखला, प्रत्येक ठिकाणी दोन गुन्हे. ते का घडले हे समजावून सांगायचं तर अनोळखी माणसांपुढं आपल्या मनाच्या आजाराची कहाणी उघडी करायची. न्यायालयापर्यंत गेलेली तिची तक्रार हीच होती.

दुसऱ्या बाई उत्तर आयर्लंडच्या. त्यांचे गुन्हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. १९९६ मध्ये गाडी चालवताना स्वतः सीटबेल्ट लावला नव्हता आणि गाडीतल्या लहान मुलांनाही लावला नव्हता, म्हणून दंड. १९९८ मध्ये पुन्हा तेच, मुलांच्या अंगावर पट्टा नीट नव्हता म्हणून दंड. पुढं कित्येक वर्षांनी त्यांनी समाजसेविकेचं शिक्षण पूर्ण केलं. प्रौढ दिव्यांगांच्या दिवसभराच्या केंद्रात त्यांना नोकरी देऊ केली गेली. अर्जात त्यांनी एक जुनी शिक्षा लिहिली, बाकीच्या लिहिल्या नाहीत. दाखल्यावर सगळ्या आल्या. मग त्यांच्या प्रामाणिकपणावरच बोट ठेवलं गेलं आणि २०१४ मध्ये नोकरी काढून घेतली. नीट बघा हं, नोकरी सीटबेल्टमुळे गेली नाही. ती न लिहिलेल्या ओळीमुळे गेली. हे मी पुढं पुन्हा सांगणार आहे, कारण आपल्याकडचाही सगळ्यात मोठा खड्डा तोच आहे.

३० जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं या दोघींच्या बाजूनं निकाल दिला. लहान वयात पोलिसांनी दिलेली समज आयुष्यभर दाखल्यावर येणं हेही चूक ठरवलं, कारण ती समज मुलाला सुधारण्यासाठी असते, त्याच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी नसते. पुढच्या वर्षी, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये हे दोन्ही नियम रद्द झाले.

पण त्याच दिवशी, त्याच खटल्यात, एक माणूस हरला. तोही सांगायला हवा, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. 'डब्ल्यू' सोळा वर्षांचा असताना, १९८२ मध्ये, शाळेतून घरी जाताना मुलांची मारामारी झाली. त्यात एकाला इजा केल्याबद्दल तो दोषी ठरला आणि कोर्टानं अटीवर सोडलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम करू लागला, आणि एकतीस वर्षांपूर्वीची ती मारामारी अजून दाखल्यावर होती, कारण इजा करण्याचा तो गुन्हा गंभीर गुन्ह्यांच्या यादीत होता. न्यायालयाच्या बहुमतानं म्हटलं की मारहाणीसारख्या गुन्ह्यांची यादी करून त्यांची नोंद कायम दाखवली तर त्यात गैर नाही. प्रत्येक माणसाची वेगळी चौकशी करायलाच हवी असं नाही, सरकारला ठळक रेषा आखता येतात. पण जी रेषा आखायची ती ज्या कामासाठी आखली आहे, त्या कामाची असली पाहिजे. 'दोन शिक्षा म्हणजे ही बाई सराईत' हे सँडविच आणि सीटबेल्टच्या बाबतीत खोटं ठरतं. ती रेषा मुलांचं काहीच रक्षण करत नाही.

मला डब्ल्यूबद्दल वाईट वाटतं. त्या पाचांतल्या एका न्यायाधीशांचंही त्याच्या बाबतीत वेगळं मत होतं. पण मुलांच्या बाबतीत कायदा कुठंतरी सावधगिरीकडे झुकणार, हेही मला पटतं.

आता हे झालं दाखल्याचं. तिथं याहून कडक अशी आणखी एक गोष्ट आहे, बंदी यादी. या यादीत ज्याचं नाव गेलं, त्याला मुलांबरोबर काम करताच येत नाही. केलं तर तो गुन्हा. अतिशय गंभीर गुन्ह्यांमध्ये नाव थेट यादीत जातं, त्यात ऐकून घेणं नाही. आणि मी स्पष्ट सांगते, तसं असलंच पाहिजे. लहान मुलांवर बलात्कार करणाऱ्याला 'पंधरा वर्षं झाली, आता शाळेत येऊ द्या' असं म्हणायची सोय कुठल्याही कायद्यात नसावी.

पण त्याखालच्या पायरीवर काय? सुरुवातीला तिथंही नाव आधी यादीत जायचं आणि मग विचारायचे, तुमचं काही म्हणणं आहे का? निर्णय येईपर्यंत काम बंद, पगार बंद. काही परिचारक-परिचारिका त्यांच्या संघटनेच्या मदतीनं उच्च न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये न्यायालयानं सांगितलं की आधी ऐका, मग नाव टाका. २०१२ मध्ये कायदा तसा बदलला. यादीतल्या नावाविरुद्ध न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण ते निर्णयात वस्तुस्थितीची किंवा कायद्याची चूक असेल तरच. आणि ठरावीक वर्षांनी फेरविचार मागता येतो. नाव यादीत गेलं तेव्हा वय अठराच्या आत असेल तर एका वर्षानं, अठरा ते पंचविसाच्या आत असेल तर पाच वर्षांनी, त्याहून मोठं असेल तर दहा वर्षांनी. मागितला म्हणजे मिळालाच असं नाही. पण दार कुठं आहे आणि ते किती वर्षांनी ठोठावायचं, हे कायद्यात लिहिलेलं आहे.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या २०२० च्या नियमांत पडताळणी करा असं सांगितलं आहे. पण पडताळणीत जुनी शिक्षा निघाली तर ती कशी तोलायची, किती वर्षांनी सोडून द्यायची, नकार मिळालेल्या बाईनं कुठं जायचं, हे त्यात नाही. म्हणून आपल्याला इतर कायद्यांतून वाट काढावी लागते. चार गोष्टी सांगते, त्या कागदावर लिहून ठेवा.

पहिली गोष्ट. तुमच्या हातून जे घडलं ते अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी घडलं असेल, तर बाल न्याय कायदा, २०१५ तुमच्या बाजूनं उभा आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे बाल न्याय मंडळापुढं दोषी ठरलेल्या मुलाला त्या कारणानं पुढं कोणतीही अपात्रता लागत नाही आणि ती नोंद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायची असते. कलम ७४ तर याहून स्पष्ट आहे. निकाली निघालेल्या प्रकरणातली मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा उघड करायची नाही. अपवाद एकच. सोळा वर्षांपुढच्या मुलानं अतिशय निर्घृण गुन्हा केला आणि त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर कलम २४ चं संरक्षण त्याला मिळत नाही.

दुसरी गोष्ट. किरकोळ गुन्ह्यात कोर्टानं तुम्हाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर किंवा समज देऊन सोडलं असेल, तर तो आदेश शोधून काढा. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला प्रोबेशन म्हणतो त्याखाली तो झाला असेल, तर कलम १२ प्रमाणे त्या शिक्षेला कायद्यानं चिकटणारी अपात्रता तुम्हाला लागत नाही. मात्र यानं गुन्हा पुसला जात नाही. 'शिक्षा झाली आहे काय?' असं विचारलं तर 'हो' असंच लिहावं लागतं, आणि तुमचं वागणं कसं होतं हे नोकरी देणारा पाहू शकतो. पण 'कायद्यानंच तुम्ही बाद' असं त्याला म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट. प्रश्न नीट वाचा. तक्रार होणं, गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र जाणं आणि दोषी ठरणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या आधी शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात, ज्याला लोक चॅप्टर केस म्हणतात, ती शिक्षा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आहे की पडताळणीच्या फॉर्ममधला प्रश्न मोघम नसावा, नेमका असावा, आणि जे नेमकं विचारलं आहे तेच न सांगितलं तर लपवलं असं म्हणता येतं.

चौथी गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. विचारलेलं लपवू नका. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं आहे की माहिती खरीच द्यायला हवी. तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा एखादा क्षुल्लक गुन्हा लपवला असेल तर नोकरी देणाऱ्यानं तो माफ करावा अशी जागा ठेवली आहे, पण तो त्याच्या मर्जीचा भाग आहे. त्या सीटबेल्टवाल्या बाई आठवा. लिहिलेल्या गुन्ह्याचं उत्तर देता येतं. न लिहिलेल्या गुन्ह्याला उत्तर नसतं, कारण मग प्रश्न खरेपणाचा होतो. अर्थात, खरं लिहिलं म्हणजे नोकरी मिळालीच असंही नाही. मालकाला विचार करायचा हक्क न्यायालयानं ठेवला आहे. पण तो विचार त्यानं सारासार केला पाहिजे.

तो विचार करायला त्याला मदत करा. कोर्टाच्या निकालाची नक्कल काढा. गुन्हा ज्या कोर्टात चालला तिथं नक्कल विभागात अर्ज करून ती मिळते. सोबत एका पानाचं निवेदन लिहा. काय घडलं, तेव्हा वय किती होतं, परिस्थिती काय होती, त्यानंतरची वर्षं कशी गेली, आणि या कामाशी त्या गोष्टीचा संबंध का नाही. रडगाणं नको, दुसऱ्यावर ढकलणं नको. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं आहे अशा दोघा-तिघांची पत्रं जोडा. 'चांगल्या घरातल्या आहेत' असल्या पत्राचा उपयोग नाही. 'सहा वर्षं आमच्या बालवाडीत होत्या, मी रोज पाहत होते' अशा पत्राला वजन असतं.

आणि नकार आला तर तो लेखी मागा, कारणासकट. लेखी कारणाशिवाय पुढचं दार ठोठावता येत नाही. काम सरकारी किंवा जिल्हा परिषदेचं असेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे निवेदन द्या, आणि तिथंही न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. खासगी शाळेत तुम्ही आधीपासून कर्मचारी आहात आणि जुनी गोष्ट काढून कामावरून काढलं, तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्याची मुदत तीस दिवसांची आहे, ती चुकवू नका. वकील परवडत नाही असं म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

आता थोडं टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या जणींशी बोलते. तुमच्यातल्या कितीतरी जणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, कुणी बचत गटातर्फे पोषण आहाराचं काम घेतलं आहे, कुणी पाळणाघरात हाताखाली बाई ठेवते. तुमच्यासमोर असा कागद येईल. तेव्हा घाबरून लगेच बाजूला टाकू नका, आणि ओळखीची आहे म्हणून डोळेही झाकू नका. काही प्रश्न विचारा. गुन्हा कसला होता? त्यात मूल किंवा दुबळं माणूस बळी होतं का? किती वर्षं झाली? तेव्हा तिचं वय काय होतं? त्यानंतर पुन्हा काही घडलं का? आणि तेच पुन्हा घडलं, तर आपल्या मुलांना त्याचा काय धोका? सँडविच, सीटबेल्ट, बांधावरचं भांडण, दारूबंदीचा मोर्चा, यांची उत्तरं तुम्हाला पाच मिनिटांत मिळतील. पण मुलावर हात टाकल्याची शिक्षा असेल तर वर्षं मोजू नका. तिथं दार बंदच ठेवा, तो तुमच्या नात्यातला असला तरी.

आणि कागद कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सोहमच्या माणसाचा कागद तसा कोराच होता. कागद पहिल्या दिवशी बघायचा असतो, मूल रोज बघायचं असतं. शौचालयाकडे लहान मुलींबरोबर कोण जातं, बंद खोलीत एकटं मूल आणि एकटं मोठं माणूस असं कधी होतं का, सखी सावित्री समिती कागदावर आहे की खरंच बसते, मूल एखाद्या माणसाकडे जायला अचानक का रडू लागलं, हे कुठल्याही दाखल्यावर लिहून येत नाही. ते आपल्यालाच बघायचं आहे.

आजच्या विषयावर तुमच्या मनात काही प्रश्न असतील तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा. नाव लिहायची गरज नाही. पुढच्या वेळी त्यातल्या काहींची उत्तरं देईन. आणि ज्या जणीचं पेन त्या रकान्यावर थांबलं आहे, तिला एवढंच सांगते की फॉर्म फाडू नकोस. आधी निकालाची नक्कल काढ, मग खरं काय ते लिही.

नमस्कार.